सामसोची कथा आणि तिचें वाचन

आदर्श गांवाची गोष्ट हा अलीकडे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. तिचा सांचा सर्वांच्या परिचयाचा आहे. गांव दुष्काळी किंवा उदास असतें. एक ध्येयवेडा पुरुष तेथें उभा राहतो. आरंभीं लोक त्याला हंसतात, मग त्याच्यामागून जातात. आणि शेवटीं परदेशची पाहुणेमंडळी वह्या घेऊन तें गांव पाहावयास येते. पृथ्वीच्या वाढत्या उष्म्याविषयीं आज जें विपुल लिखाण होत आहे त्यांत या सांच्याच्या गोष्टींना मोठी मागणी आहे, व ती स्वाभाविकहि आहे. कर्बवायूचे आंकडे वाचून ज्याचें मन सुन्न झालें आहे अशा वाचकाला, निदान एका गांवानें तरी हें कोडें सोडविलें असें ऐकून धीर येतो. परंतु धीर देणारी गोष्ट जर चुकीची सांगितली गेली, तर तिच्यावरून घेतलेला धडाहि चुकीचाच निघावयाचा. आणि तो धडा उद्यां एखाद्या सरकारी योजनेंत उतरला म्हणजे त्याचा खर्च तुम्हांआम्हांलाच सोसावा लागतो. यासाठीं अशा गोष्टींची परीक्षा वाङ्मयाच्या कसोटीवर होणें अगत्याचें आहे.

या वर्गांतील बहुधा सर्वांत अधिक वेळां सांगितली गेलेली गोष्ट डेन्मार्कमधील सामसो बेटाची होय. एलिझाबेथ कोल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचा ‘दि आयलंड इन द विंड’ हा निबंध २००८ च्या जुलै महिन्यांत ‘न्यू यॉर्कर’मध्यें प्रसिद्ध झाला, त्याच वर्षीं ‘टाइम’ साप्ताहिकानें बेटावरील प्रमुख कार्यकर्ते सोरेन हेरमान्सेन यांची पर्यावरणवीरांत गणना केली, आणि तेव्हांपासून ही कथा पृथ्वीप्रदक्षिणा करीत आहे. मूळ निबंध उत्तम आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. आमची तक्रार आहे ती मुख्यतः त्याचें पुनःकथन करणारांविषयीं. कीर्तनकाराच्या हातीं पुराणकथेचें जें होतें तेंच येथें झालें आहे : रस वाढला आणि तपशील गळाला.

तपशील असा. सामसो हें कॅटेगाटच्या समुद्रांतील सुमारें ११४ चौरस किलोमीटरांचें शेतकऱ्यांचें बेट. वस्ती चार हजारांच्या आसपास. नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी यांसाठीं त्याचें नांव. १९९७ पर्यंत तेथील बहुतेक वीज समुद्रतळावरून टाकलेल्या तारेनें मुख्य भूमीवरून येई, व ती बव्हंशीं कोळशाची असे. घरें तापविण्यासाठीं लोक तेल जाळीत. त्यानंतरच्या पांचसहा वर्षांत जमिनीवर एकेक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, दक्षिणेकडील उथळ समुद्रांत २·३ मेगावॅटच्या आणखी १० उभ्या राहिल्या, आणि पेंढा किंवा लांकडाचे तुकडे जाळून तापविलेलें पाणी नळांनीं घरोघर पोंचविणाऱ्या भट्ट्या गांवोगांव निघाल्या. नॉर्डबी गांवाच्या भट्टीला सूर्याच्या उन्हाचीहि जोड आहे. जितकी ऊर्जा आपण वापरतों तितकी आपल्याच वाऱ्याउन्हांतून व शेतांतून निर्माण करतों, असें म्हणण्याचा अधिकार त्या बेटाला दहा वर्षांच्या आंत प्राप्त झाला.

आतां पुनःकथनांत काय गळतें तें पाहूं. पहिली गोष्ट अशी कीं, ही कल्पना बेटावर उगवलीच नव्हती. १९९७ सालीं डेन्मार्कच्या पर्यावरण व ऊर्जा खात्यानें, स्वेन औकेन हे मंत्री असतां, एक स्पर्धा जाहीर केली : उपलब्ध यंत्रांच्याच साह्यानें दहा वर्षांत अपारंपरिक ऊर्जेवर पूर्णपणें उभें राहण्याची सर्वांत व्यवहार्य योजना कोणतें बेट सादर करील? सामसोच्या वतीनें अर्ज लिहिणारा अभियंता बेटाचा रहिवासी नव्हता; त्यानें तेथील नगराध्यक्षाच्या विचारानें योजना आंखली. बक्षीस मिळाल्याची वार्ता आली तेव्हां बेटकरी बुचकळ्यांत पडले. कोल्बर्टबाईंनीं हा गोंधळ लपविलेला नाहीं, हा त्यांच्या निबंधाचा मोठा गुण. पुढच्या कथनकारांना तो अडचणीचा वाटला असावा; कारण गांवाच्या हृदयांतून उमललेल्या चळवळीच्या चित्रांत परगांवच्या अभियंत्याला आणि खात्याच्या परिपत्रकाला जागा कोठून असणार?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती रसहीन असल्यामुळें बहुतेकांनीं टाळलेली. स्पर्धेच्या विजेत्याला रोख बक्षीस असें नव्हतें. परंतु डेन्मार्कचा कायदा त्या वेळीं असा होता कीं, पवनचक्कीची वीज वीजकंपनीनें दहा वर्षे ठरलेल्या दरानें घेतलीच पाहिजे. या एका कलमाचें मर्म ज्यानें बँकेंत कर्जासाठीं अर्ज केला आहे त्याला समजावून सांगावयास नको. पुढील दहा वर्षांची आवक आजच कागदावर मांडतां आली म्हणजे वाऱ्यासारख्या चंचल वस्तूवरहि बँक कर्ज देते. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरांत बसून हेरमान्सेन जेव्हां समजूत घालीत, तेव्हां त्यांच्या वाणीमागें हें कलम उभें होतें. तें नसतें तर तीच वाणी, तीच कॉफी आणि तेंच शेजारपण यांतून एक उत्तम व्याख्यानमाला निघाली असती. पवनचक्की निघाली नसती.

हेरमान्सेन यांचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. ते बेटावरच्याच शेतकऱ्याचे पुत्र. तेथील शाळेंत पर्यावरणविषय शिकवीत. या योजनेचे पहिले पगारी सेवक तेच झाले. त्यांची पद्धति साधी होती. बेटावर जेथें जेथें सभा भरे तेथें तेथें ते जात. मंडळ बटाट्याचें असो वा खेळाचें. गांवांत ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशांना आधीं गांठीत, कारण दोघे वजनदार शेजारी वळले कीं उरलेले आपोआप विचारूं लागतात. तापत्या पाण्याच्या भट्टीचा प्रश्न आला तेव्हां तर या पद्धतीवांचून गत्यंतरच नव्हतें. नळ जमिनीखालून गांवभर न्यावयाचा. वर्गणीदार पुरेसे मिळाले तरच तो परवडावयाचा. तेव्हां एका घराचा होकार शेजारच्या घराच्या होकारावर अवलंबून. येथें शेजारधर्म हा गोड शब्द न राहतां हिशेबांतील एक रक्कम होतो. ‘मी घेतला, तूंहि घे, म्हणजे दोघांना स्वस्त पडेल’ असें म्हणण्याची सोय ज्या व्यवस्थेंत आहे तेथें शेजारी एकमेकांना बोलावतात. ज्या व्यवस्थेंत ती नाहीं तेथें ते एकमेकांना उपदेश करतात, आणि उपदेश करणाऱ्या शेजाऱ्याचें दार कोणी ठोठावीत नाहीं.

शिवाय हा शेजारधर्म आकाशांतून पडलेला नव्हता. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांतील येडिंग येथें डेन्मार्कची पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. त्यापूर्वींच, १८४४ पासून, ग्रुंटव्हिगच्या प्रेरणेनें निघालेल्या लोकशाळांनीं शेतकऱ्यांच्या मुलांना सभेंत उभें राहून बोलावयास आणि दुसऱ्याचें ऐकून घ्यावयास शिकविण्याचा उपक्रम आरंभिला होता. गायीचें दूध एका भांड्यांत ओतून त्याचा नफातोटा वांटून घेण्याची शंभर वर्षांची संवय ज्या समाजाला होती, त्याला वारा वांटून घेण्यास कितीसे दिवस लागणार? १९७३ च्या तेलटंचाईनंतर, म्हणजे डेन्मार्कच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जेव्हां परकी तेलावर चालत होता तेव्हां, तेथें पवनचक्क्यांच्या ज्या लहान लहान मंडळ्या निघाल्या त्यांनीं दुग्धशाळेचेच नियम थोडेफार बदलून घेतले. १९७९ च्या उष्णतापुरवठ्याच्या कायद्यानें मध्यवर्ती भट्ट्यांची आंखणी नगरसभांकडे सोंपविली. आणि या धंद्यांत नफा काढावयाचा नाहीं, खर्चापुरतेंच मूल्य घ्यावयाचें, हें तेथील नियमांचें सूत्र राहिलें. सामसोचा चमत्कार तो हा.

आतां कथेच्या अंधाऱ्या बाजूकडे वळूं. ‘बेटाच्या पवनचक्क्या सर्वांच्या मालकीच्या’ हें वाक्य आम्हीं निदान दहा ठिकाणीं वाचलें असेल. जमिनीवरील ११ पैकीं ९ चक्क्या एकेकट्या शेतकऱ्यांच्या आहेत. उरलेल्या दोनांत सुमारें साडेचारशें भागीदार आहेत. समुद्रांतल्या दहांपैकीं ५ नगरसभेच्या, ३ खासगी मालकांच्या, आणि २ लहान भागीदारांच्या. म्हणजे ज्याच्यापाशीं जमीन होती व बँकेंत पत होती त्याचा वांटा मोठा, आणि ज्याच्यापाशीं थोडी शिल्लक होती त्याचा लहान. यांत पाप नाहीं. साडेचारशें हा आंकडा त्या वस्तीच्या मानानें मोठाच आहे, आणि आपल्या वर्गणीची चक्की दारांतून दिसत असली म्हणजे तिचा आवाज कमी ऐकूं येतो हाहि मनुष्यस्वभाव आहे. परंतु याला रामराज्य म्हणूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

‘कर्बशून्य’ या विशेषणाचेंहि तसेंच. बेटावरच्या बहुतेक मोटारी पेट्रोलवर चालत राहिल्या, ट्रॅक्टर डिझेलवर, आणि मुख्य भूमीकडे जाणारी बोटहि तेलावर. समुद्रांतील दहा चक्क्यांची वीज तारेनें बाहेर जाते, तेथें तितका कोळसा वांचतो, आणि ती बचत मोटारींच्या धुराविरुद्ध मांडून वजाबाकी केली जाते. हिशेब खोटा नाहीं. पण तो जमाखर्चाचा आहे, राहणीचा नव्हे. २०१५ सालीं नगरसभेनें स्वतःच्या मालकीची नवी बोट आणली, ती द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी. पुढें बेटावरच्या गोबरवायूवर चालवूं, हा मनसुबा. घराची ऊब आणि दिव्याची वीज यांचा प्रश्न शेजाऱ्यांना मिळून सोडवितां आला. समुद्र ओलांडण्याचा प्रश्न शेजाऱ्यांच्या आवांक्याबाहेरचा ठरला, कारण त्याला लागणारीं यंत्रें आणि इंधनें त्यांच्या अंगणांत नव्हतीं.

येथें हेरमान्सेन यांच्याच एका ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. टोर नोरेट्रांडर्स यांच्या सहकार्यानें त्यांनीं एक छोटें पुस्तक लिहिलें. त्याचें डॅनिश नांव ‘फेलेडस्काब’ असें एक बनाऊ शब्दाचें आहे. ‘फेलेड’ म्हणजे गांवचें सामाईक कुरण, आणि ‘फेलेसस्काब’ म्हणजे समाज किंवा सहजीवन; हे दोन शब्द एकमेकांत अडकवून त्यांनीं हें नांव घडविलें. इंग्रजींत त्याचें ‘कॉमनिटीज’ असें केलें आहे. पुस्तकाचें सगळें सार या शब्दांतच आलें असें आम्हांस वाटतें : सामाईक वस्तु असल्याशिवाय समाज टिकत नाहीं, व समाज असल्याशिवाय सामाईक वस्तु राहत नाहीं. मराठी वाचकाला हा सिद्धान्त शिकावयास डेन्मार्कला जावें लागत नाहीं. गायरान आणि गांवकी हे दोन शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं शेजारीं नांदले. गोव्यांत तर गांवकारीनें शेतें, बांध आणि मानशी सांभाळल्या, आणि पोर्तुगीजांनीं तिलाच कोमुनिदाद हें नांव दिलें. गायरान गेलें तेथें गांवकी केवळ देवळाच्या मानापानापुरती उरली, हें कोणाहि खेडुताला विचारावें. मात्र एक गोष्ट या पुस्तकाच्या उत्साही वाचकांनीं विसरूं नये : गांवकीला आंतलेबाहेरले असा भेद होता, आणि तो फार कठोर होता. कुरण कोणाचें, हें ठरवितांना कोणाला वेशीबाहेर ठेवलें, हा प्रश्न महाराष्ट्रांत तरी टाळतां येत नाहीं. चार हजार वस्तीच्या, बरीचशी सारख्या स्थितीच्या बेटावर तो बोचत नाहीं, इतकेंच.

शेजाऱ्याच्या नजरेचा प्रभाव मोजण्याचा एक प्रयोग कॅलिफोर्नियांतील सॅन मार्कोस गांवीं झाला. त्याचा वृत्तान्त २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें २९० घरांच्या दारांवर, तुमचा विजेचा खप किती आणि शेजाऱ्यांचा सरासरी किती, असे कागद लावण्यांत आले. अधिक जाळणारांनीं खप कमी केला, हें अपेक्षितच होतें. परंतु जे आधींच काटकसरीनें वागत होते त्यांनीं तो वाढविला! आपण उगीचच अंधारांत बसत होतों, असें त्यांस वाटलें असावें. कागदावर एक हंसरा चेहरा काढून त्यांची पाठ थोपटली तेव्हां हा उलटा परिणाम नाहींसा झाला. पुढें अमेरिकेंतील वीजकंपन्यांनीं हीच युक्ति लक्षावधि घरांवर केली. सरासरी बचत दोन टक्क्यांच्या आसपास भरली. दोन टक्के टाकाऊ नाहींत, आणि कागदाच्या खर्चांत मिळाले तर स्वस्तच म्हणावयाचे. परंतु ज्यांना वाटतें कीं लोकांना परस्परांची लाज वाटूं लागली म्हणजे काम झालें, त्यांनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. लाजेनें दिवा मालवतो. भट्टी बदलत नाहीं. शिवाय शेजाऱ्याची नजर एकाच दिशेला ढकलीत नाहीं. आपल्या वसाहतींत मोठ्या मोटारी, वातानुकूल यंत्रें आणि लग्नांतले दिव्यांचे मांडव घरोघर पोंचले ते याच नजरेनें.

शेजारधर्म अढळ आहे व धोरण दुय्यम आहे, असें मानणारांसाठीं डेन्मार्कचाच पुढचा इतिहास पुरेसा आहे. २००१ सालीं तेथें सरकार बदललें; ठरलेल्या दराची हमी नव्या चक्क्यांना राहिली नाहीं; आणि त्यानंतरचीं कित्येक वर्षे जमिनीवर नवीन चक्क्या उभारण्याचें काम जवळजवळ थांबलें. माणसें तींच होतीं, सहकाराची परंपराहि तीच होती. दरम्यान जुने नियम शिथिल झाले होते : पूर्वीं चक्कीचा भाग घेणारा त्याच भागांतला रहिवासी असावा लागे, तें बंधन उठलें. चक्क्या मोठ्या झाल्या, मालक दूरचे झाले, आणि विरोध वाढूं लागला. तेव्हां २००८ च्या कायद्यानें दुरुस्ती केली कीं, नव्या चक्कीचे निदान वीस टक्के भाग साडेचार किलोमीटरांच्या आंतील रहिवाशांपुढें प्रथम ठेवले पाहिजेत. ज्या देशांत ही गोष्ट आपोआप घडत असे तेथें ती कायद्यानें घडवावी लागली, आणि २०२० सालीं तो नियमहि रद्द होऊन त्याच्या जागीं दुसऱ्या भरपाईच्या योजना आल्या. जो भागीदार होता तो नुकसानभरपाईचा हक्कदार झाला. या दोन शब्दांतलें अंतर निबंधकारांच्या नजरेस अद्याप आलेलें दिसत नाहीं.

कोल्बर्टबाईंच्या निबंधांत सामसोबरोबर स्वित्झर्लंडांतील ‘२००० वॅट समाजा’चीहि हकीकत येते. मनुष्यानें सरासरी २००० वॅटांत जगावें, ही तेथील शास्त्रज्ञांची कल्पना. निबंध प्रसिद्ध झाल्यावर चारच महिन्यांनीं, नोव्हेंबर २००८ मध्यें, झुरिचच्या मतदारांनीं हें ध्येय शंभरांत शहात्तर मतांनीं आपल्या नगराच्या घटनेंत लिहून घेतलें. बेटाच्या गोष्टीपुढें ही गोष्ट नीरस वाटते; तिला नायक नाहीं, समुद्र नाहीं. तरीपण शहरांत राहणाऱ्या वाचकाला तीच अधिक जवळची आहे, कारण शहरांत शेजारी निवडून येत नाहींत आणि सभेला येतातच असेंहि नाहीं. तेथें मतपेटी हीच कांहीं अंशीं चावडी होय.

आपल्याकडे पाहूं जातां सातारा जिल्ह्यांतील एकटा पाटण तालुका या विषयाचा सबंध ग्रंथ आहे. कोयनेच्या जलाशयावरील वांकुसवड्याच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांचें रान उभें राहिलें. त्याच्यामागेंहि धोरणच होतें : चक्की घेणाऱ्या कंपनीला तिच्या किंमतीचा सगळा घसारा पहिल्याच वर्षीं प्राप्तिकरांत दाखवितां येई, पुढें तो ऐशीं टक्क्यांवर आला. वीज किती निघाली यापेक्षां कर किती वांचला हें पाहून यंत्र खरेदी करण्याचा मोह त्या नियमांतच होता. डेन्मार्कच्या कायद्यानें विजेला दर दिला, आमच्यानें यंत्राला सूट दिली. तेथें कर्ज काढून शेतकरी मालक झाला, येथें करदात्या कंपन्या मालक झाल्या, आणि पठाराखालच्या शेतकऱ्याच्या वांट्याला जमिनीची किंमत व क्वचित् पहारेकऱ्याची नोकरी आली. वारा दोन्हीकडे सारखाच वाहत होता. भागधारक शेतकरी ही कल्पना आपल्याला परकी असती तर गोष्ट निराळी. ज्या महाराष्ट्रांत १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांच्या भागांवर साखरेचा कारखाना उभा केला, आणि ज्याच्या सहकारी कारखान्यांपैकीं कित्येक आज उंसाच्या चिपाडापासून वीज काढून विकतात, तेथें पवनचक्कीचा सहकारी संघ निघूं नये याचें कारण स्वभावांत शोधण्यापेक्षां घसाऱ्याच्या कलमांत शोधावें.

त्याच तालुक्यांतील मान्याचीवाडी ही सुमारें शंभर घरांची वाडी २०२४ सालीं राज्यांतलें पहिलें सौरग्राम म्हणून जाहीर झाली. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांत या वाडीनें पूर्वींच नांव मिळविलें होतें. म्हणजे एकत्र बसून निर्णय घेण्याची संवय योजनेच्या आधींची. शहरांतल्या सहकारी गृहरचना संस्थांनाहि त्याच वर्षापासून, जिना, पंप व उद्वाहन यांसाठीं छपरावर सौरपत्रे बसविल्यास, दर किलोवॅटमागें १८,००० रुपयांचें केंद्र सरकारचें साह्य मिळूं लागलें. आतां ज्या सभेंत मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरून आणि गळक्या टाकीवरून दोन तास वाद चालतो, त्या सभेनें वीजनिर्मितीचा ठराव करावा, हें ऐकून वाचक हंसतील. आम्हांला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. टाकीवरून भांडणारे लोक टाकी सामाईक आहे हें तरी मान्य करतात, आणि सामसोवरील भट्टीच्या सभाहि कांहीं मुकाट्यानें पार पडल्या नसतील.

मराठींत या दोन्ही ठिकाणांविषयीं वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आलें. एकाविषयीं तक्रारीच्या सुरांत, दुसऱ्याविषयीं सत्काराच्या. पठारावरच्या चक्कीखालची जमीन कोणाच्या हातांतून कोणाच्या हातीं गेली. वाडीवरचें एखादें इन्व्हर्टर पांच वर्षांनीं बिघडलें तर दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यांतून निघेल. ज्याच्या घराला पक्कें छप्पर नाहीं त्याचें वीजबिल कसें धरलें. हें सारें विचारून, ग्रामपंचायतीची वही समोर ठेवून लिहिलेला निबंध मात्र आमच्या वाचनांत अजून आलेला नाहीं.